वतन, वेतन व निवृत्तिवेतन

गंगाखेड हे गाव महाराष्ट्रास मुख्यतः संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. गोदावरीच्या काठी वसलेल्या या तालुक्याच्या गावी परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे स्थानक आहे, एसटीचे आगार आहे, तहसील कचेरी आहे, शाळा-महाविद्यालये आहेत. आणि गावाबाहेर पाऊल टाकताच कापूस-सोयाबीनची शेते व त्यांत राबणारी माणसे दिसू लागतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येथील एखाद्या बँकेत घटकाभर बसले, तर जी गोष्ट अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून समजण्यास दिवस लागतील ती सहज ध्यानी येते. रांगेत रेल्वेतून निवृत्त झालेला एक गृहस्थ उभा असतो. त्याच्यामागे एसटीतून निवृत्त झालेला चालक असतो. आणि भिंतीला टेकून एखादी वृद्धा बसलेली असते, जिचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात खुरपण्यात आणि हिवाळ्यात ऊसतोडीच्या फडावर गेले.

तिघांनीही तीस-पस्तीस वर्षे कष्ट केले आहेत. परंतु पहिल्याच्या हाती अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, आणि तिच्यावर वेळोवेळी वाढणारा महागाईचा भत्ता पडतो. दुसऱ्यास जे मिळते ते सात हजारांच्या आतच असते, पुष्कळदा त्याहून फारच कमी असते, आणि महागाई कितीही वाढली तरी ते वाढत नाही. तिसरीस शासनाच्या निराधार अथवा श्रावणबाळ योजनेचे अनुदान मिळते. ते २०२३ साली १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. हा भेद श्रमांच्या मानाने ठरलेला नाही, हे उघड आहे. मग तो कशाच्या मानाने ठरला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे, आणि ते शोधण्याचा येथे विचार आहे.

आपल्याकडील जुन्या गावगाड्यात वेतन व निवृत्तिवेतन असे दोन निराळे पदार्थच नव्हते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग इत्यादि बलुतेदार वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपला धान्याचा वाटा घेत. काम वंशपरंपरेने चाले आणि वाटाही वंशपरंपरेने चाले. बाप थकला की मुलगा उभा राही, आणि बापाची भाकरी त्याच घरात शिजे. या व्यवस्थेत म्हातारपणाची काही एक तरतूद होती, ही गोष्ट नाकारता येत नाही. परंतु ही तरतूद मनुष्यास त्याच्या जन्माने मिळे आणि त्याच जन्माने त्यास त्या कामाशी जखडून टाकी. ज्यास वतन होते त्यास आधार होता; ज्यास वतन नव्हते तो उपरा. शिवाय वतनावतनांतही उच्चनीच भाव होताच. देशमुख-देशपांड्यांचे वतन आणि वेसकराचे वतन यांस एकच शब्द लागत असला, तरी दोहोंचे ताट एक नव्हते.

वतनाखेरीज रोख वेतनाचीही एक परंपरा आपल्या इतिहासात आहे. शिवछत्रपतींचा कल सैन्यास मोकासे तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याकडे होता, हे सर्वश्रुतच आहे. सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची एक हकीकत दिली आहे. युद्धात जे लोक पडले त्यांच्या पुत्रांस चाकरीत घेतले. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस अर्धे वेतन चालविण्याची आज्ञा झाली. जखमी झालेल्यांस जखमेच्या मानाने होन दिले. कुटुंबनिवृत्तिवेतनाचा याहून स्पष्ट पूर्वज शोधण्यास लांब जावयास नको. पुढे पेशवाईतही रणात पडलेल्यांच्या मुलाबाळांस बालपरवेशी म्हणून नेमणूक चालविण्याचा प्रघात होता. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा आधार चाकरी करणाऱ्यास मिळाला तो धन्याचा माणूस म्हणून. ज्या गावांतून ते सैन्य गेले त्या गावांतील शेतकऱ्याचे पीक तुडविले गेले असेल. त्याच्या विधवेस अर्धे वेतन देणारा धनी नव्हता.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. यास्तव येथील चाकरीचा इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासाहून काहीसा निराळा आहे. वेतन वेळेवर न दिल्याने राज्याची काय अवस्था होते, याचा मोठा धडा या राज्याने घेतला होता. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगाराची बाकी वाढत गेली, कर्ज साचले, आणि अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. त्याच वर्षी पहिले सालारजंग दिवाण झाले. तोवर महसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार रयतेकडून शक्य तितके काढी आणि सरकारात ठरलेले भरी. सालारजंगांनी ही पद्धत मोडीत काढली आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी तालुकदार, तहसीलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांचा वसुलीचा अधिकार गेला. त्याच्या मोबदल्यात त्यांस रुसूम, म्हणजे वंशपरंपरेची रोख नेमणूक मिळू लागली. येणेप्रमाणे आपल्या भागात 'सरकारी नोकर' हा नवा वर्ग उभा राहिला आणि म्हातारपणीची तरतूद जन्माऐवजी हुद्द्यास जोडली गेली. ही सुधारणा खरीच होती. परंतु तिने आधाराभोवतीचे कुंपण मोडले नाही. कुंपण काढून दुसऱ्या जागी रोवले, इतकेच.

या दुसऱ्या कुंपणाबाहेर कोण होते हे पाहावयाचे असेल, तर त्या काळच्या खाजगी शाळांकडे पाहावे. हैदराबाद राज्याचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलांस मराठीतून व राष्ट्रीय वृत्तीने शिकविणाऱ्या ज्या शाळा निघाल्या, त्या बहुतेक लोकवर्गणीवर चालल्या. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परगा येथे व पुढे मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, शिक्षकाचे काम केले ते अशाच संस्थांतून. या शाळांतील शिक्षक सरकारी शाळेतील शिक्षकाइतकेच शिकवीत. पण एकाच्या मागे खजिना होता, दुसऱ्याच्या मागे गावाची सद्भावना.

पुण्याचे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०२ साली निवृत्त झाले ते दरमहा ३० रुपयांच्या निवृत्तिवेतनावर. या त्यागाबद्दल आपल्या मनात आदरच असावयास पाहिजे. परंतु त्याच संस्थेत आजीव सभासदांनी बाहेरची प्राप्ति करावी की नाही आणि वेतन किती असावे यावरून तीव्र वाद झाला, आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले, हेही तितकेच खरे आहे. ध्येयवादी माणसांच्या घरीदेखील महिनाअखेर येतेच. स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य हे भूषण होय. परंतु एका पिढीने स्वेच्छेने पत्करले म्हणून पुढच्या पिढ्यांकडून ते सक्तीने वसूल करण्यास संस्थाचालक आणि सरकारे लवकर शिकतात.

सक्तीच्या स्वस्त चाकरीविरुद्ध सर्वांत स्पष्ट आवाज उठविला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनदार रात्रंदिवस सरकारचे काम करतो, परंतु सरकार त्यास योग्य वेतन देत नाही. जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मागून घ्यावयाचे बलुते यांवर त्याची बोळवण होते, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. काम सरकारचे, मग पगार सरकारने द्यावा, इतके साधे ते मागणे होते. त्या विधेयकास यश आले नाही. कनिष्ठ वतने नष्ट करण्याचा कायदा पुढे मुंबई राज्यात झाला आणि १९५९ साली अमलात आला. त्या जागी गावोगाव कोतवाल नेमले गेले, तेही बहुतांशी मानधनावर. आणि आम्हांस चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी माना, ही मागणी कोतवालांनी त्यानंतर कित्येक दशके चालविली. 'मानधन' हा शब्द मोठा मानभावी आहे. पूर्णवेळ काम घ्यावयाचे, पण ज्यास पगार म्हटले असता पुढे निवृत्तिवेतनाची जबाबदारी येईल त्यास पगार म्हणावयाचे नाही, अशा वेळी तो उपयोगी पडतो. कोतवालांप्रमाणेच अंगणवाडी सेविकांनाही त्याचा अनुभव आहे.

आता गंगाखेडच्या रांगेतील पहिल्या दोघांकडे वळू. एक रेल्वेतला, एक एसटीतला. आणि गंमत अशी की, या दोघांचे मूळ घराणे एकच. निजाम राज्याची रेल्वे प्रथम कंपनीची होती. १९३० साली ती संस्थानाने आपल्या मालकीची केली. १९३२ साली याच रेल्वे खात्याने सत्तावीस मोटारी घेऊन सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. हिंदुस्थानात सरकारने स्वतः मोटार वाहतूक चालविण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. इंजिन हाकणारा आणि मोटार हाकणारा हे दोघेही एका खात्याचे, एका सरकारचे नोकर होते आणि दोघांचाही पगार त्याच हाली सिक्क्यांत होई, ज्याचे सात रुपये दिले म्हणजे कलदार सहा रुपये मिळत.

पुढे या घराण्याची वाटणी झाली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत समाविष्ट होऊन केंद्र सरकारकडे गेली. मोटार वाहतूक राज्याकडे राहिली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मराठवाड्याची ती वाहतूक १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. रेल्वेतही प्रारंभी निवृत्तिवेतन नव्हते, भविष्यनिर्वाह निधी होता. १६ नोव्हेंबर १९५७ पासून तेथे निवृत्तिवेतनाची योजना लागू झाली. महामंडळ मात्र कायद्याने निराळी व्यक्ती ठरले. त्याच्या नोकरास १९५२ च्या कायद्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि पुढे १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. या योजनेत मालकाच्या वाट्यातून वेतनाचे ८.३३ टक्के जमा होतात, परंतु वेतन १५,००० रुपयांपर्यंतचेच धरले जाते. म्हणजे चालकाचा प्रत्यक्ष पगार कितीही असो, त्याच्या म्हातारपणासाठी महिना १,२५० रुपयांहून अधिक या खात्यात पडत नाहीत. रस्ता तोच, उतारू तेच, अपघाताचे भय तेच. एका भावास निवृत्तिवेतन मिळाले, दुसऱ्यास निधी. आणि या भेदाचे कारण शोधू गेल्यास कागदावरील मालकाच्या नावापलीकडे काही सापडत नाही.

एसटी कामगारांनी २०२१ च्या अखेरीपासून सुमारे पाच महिने जो संप केला, त्यातील मुख्य मागणी महामंडळाचे शासनात विलीनीकरण करावे ही होती. शहरातील पुष्कळ सुशिक्षितांस ती अवाजवी वाटली. मराठवाड्याचा हा पूर्वेतिहास ठाऊक असता, तर आपल्या भागातील चालक नवे काही मागत नसून आजोबांच्या वेळचे स्थान परत मागत आहे, हे त्यांच्या ध्यानी आले असते. विलीनीकरण झाले नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कामगार कामावर परतले.

सरकारी नोकरांच्या बाजूसही हे कुंपण कायम राहिले नाही. १९७७ च्या डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांनी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून संप सुरू केला, तो ५४ दिवस चालला. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नाकारा खटल्यात निर्णय दिला. त्या पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते. निवृत्तिवेतन ही धन्याची मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या सेवेचीच भरपाई होय. आणि निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांत मनमानी भेद करता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. असे असता बावीस-तेवीस वर्षांतच नवी तारीख उभी राहिली. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांस जुने निवृत्तिवेतन बंद झाले आणि अंशदानाची योजना आली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी सात दिवस संपावर गेले. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत योजना मंजूर केली, आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने तिचा स्वीकार केला. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपये, असे केंद्राच्या त्या योजनेचे स्वरूप आहे. यांच्या शेजारीच हे नोंदविले पाहिजे की, १ सप्टेंबर २०१४ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम जी ठरली ती १,००० रुपये होती.

या ठिकाणी प्रस्तुत लेखकाने आपली बाजू लपविणे योग्य होणार नाही. मी अनुदानित महाविद्यालयात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालो, म्हणून मला जुने निवृत्तिवेतन मिळेल. माझ्या टेबलापलीकडे बसणारे सहकारी त्यानंतर रुजू झाले. त्यांस ते नाही. आणि तिसरे एक तरुण सहकारी, ज्यांची विद्वत्ता आम्हां दोघांहून उणी नाही, ते तासिका तत्त्वावर शिकवितात. त्यांस जितके तास तितके पैसे, सुटीत काही नाही, आणि म्हातारपणाबद्दल बोलणेच नको. तिघेही तोच अभ्यासक्रम शिकवितो, त्याच उत्तरपत्रिका तपासतो. चहाच्या वेळी वेतन आयोगाची गोष्ट निघाली की ते तरुण सहकारी पुस्तक उघडून बसतात. त्यांच्या त्या मौनास माझ्याजवळ उत्तर नाही.

आता विरुद्ध बाजूचाही विचार केला पाहिजे. सर्वांस सरकारी निवृत्तिवेतन द्या, असे म्हणणे सोपे आहे. परंतु सरकारी खजिना आकाशातून भरत नाही. सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात नमूद केले की, सरकारातील सर्वांत खालच्या पायरीवरील मदतनिसास एकंदर २२,५७९ रुपये मिळतात, तर पाहणी केलेल्या खाजगी संस्थांत तशाच कामास ८,००० ते ९,५०० रुपये मिळतात. आणि त्या खाजगी मदतनिसाच्याही पलीकडे आपल्या भागातील सालगडी आहे, ज्याचा करार गुढीपाडव्यास होतो व गुढीपाडव्यास संपतो. ऊसतोडीचे जोडपे आहे, जे मुकादमाकडून उचल घेऊन फडावर जाते. बँकेच्या भिंतीशी बसलेल्या त्या वृद्धेने साबणाची वडी घेतली तरी तिच्यावर कर भरला जातो. त्या करातून माझे निवृत्तिवेतन दिले जाणार आहे. ज्यास म्हातारपणी आधार नाही त्याने आधार असलेल्यांच्या आधारासाठी आयुष्यभर पैसे मोजावे, हा या व्यवस्थेतील खरा अन्याय होय. कर्मचारी संघटनांच्या मोर्च्यांत तो बोलला जात नाही, आणि काटकसरीचे पाठ देणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या लेखांतही क्वचितच बोलला जातो. पहिले आपल्यापुरते कुंपण मागतात. दुसरे आतल्यांसही बाहेर काढून समता साधू पाहतात.

परदेशांनी या प्रश्नास निराळा हात घातला. जर्मनीत बिस्मार्कच्या वेळी १८८९ साली कामगारांच्या वार्धक्यविम्याचा कायदा झाला. त्यात कामगार, मालक व सरकार या तिघांचाही वाटा होता आणि मालक बदलला तरी हक्क कायम राही. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांस आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन देण्यास आरंभ झाला; त्यासाठी कोणाची चाकरी केली हे विचारले गेले नाही. त्या रकमा लहान होत्या. परंतु मनुष्याचे म्हातारपण हे त्याच्या धन्याशी बांधलेले नसून त्याच्या श्रमाशी व नागरिकत्वाशी बांधलेले आहे, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. आपल्याकडे वतन गेले, हुद्दा आला. हुद्द्यात तारीख आली. पण हे तत्त्व अजून यावयाचे आहे.

माझ्या मते न्यायाचा क्रम असा असावा. प्रथम प्रत्येक वृद्धास, त्याने कोणाकडे काम केले हे न विचारता, पोट भरेल व औषध घेता येईल इतकी रक्कम महागाईशी जोडून मिळावी. त्यानंतर मालक सरकार असो, महामंडळ असो वा मुकादम असो, प्रत्येक कामाच्या मोबदल्यात म्हातारपणाचा एक वाटा कापून ठेवणे बंधनकारक असावे आणि तो वाटा कामगाराबरोबर जावा. या दोन गोष्टी झाल्यावर सरकारने आपल्या नोकरांस अधिक काही द्यावयाचे ते खुशाल द्यावे. आणि ज्यांस एकदा शब्द दिला त्यांच्याशी तो पाळावाच. यासाठी आमच्यासारख्यांस पुढील वेतनवाढीत काही सोडावे लागले, तर तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गंगाखेडास जनाबाईची समाधी आहे. लहानपणी नामदेवांच्या घरी आलेल्या या बाईने जन्मभर त्या घरी दळण-कांडण, झाडलोट केली. त्या कामाचे वेतन काय ठरले होते, हे कोणत्याही चरित्रकाराने लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही नसावेच. तिच्या कामास साक्षात विठ्ठल हातभार लावी, अशी आपल्या समाजाची श्रद्धा आहे. सहाशे-सातशे वर्षे आपण ती कथा भक्तिभावाने सांगत आलो. परंतु बँकेच्या भिंतीशी बसलेल्या त्या वृद्धेचे जाते ओढण्याचे कामही आपण देवावरच सोपविले आहे, असे त्या रांगेत उभे असताना मनात आल्यावाचून राहत नाही.